पंधरावी काठी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी काठी आहे. काठी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे आजोबांची काठी येईल, नाहीतर पोलिसांची. मी त्यातली नव्हे. मी गोल्फ खेळायची काठी आहे. माझं डोकं चपटं आणि तिरकं आहे, त्याच्या तळाला सात हा आकडा कोरलेला आहे आणि माझ्या मुठीला सायकलच्या ट्यूबचं काळं रबर गुंडाळलेलं आहे. सध्या वाकोल्याच्या एका छोट्या खोलीत, टीव्हीच्या वर, दोन खिळ्यांवर माझा मुक्काम असतो. येणारेजाणारे विचारतात, "ही काय वस्तू?" आणि घरातली माणसं एकमेकांच्या आधी सांगायला धावतात. पण माझी हकीगत माझ्याइतकी नीट कोणाला सांगता यायची? म्हणून आज मीच बोलते.

माझा जन्म फार दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. लाल तापलेल्या पोलादावर घण पडले, मग सहाणेवर घासणं झालं, मग पॉलिश. जन्माला येतानाच इतका मार खाल्ल्यामुळे पुढे आयुष्यात मला कशाचं फारसं भय वाटलं नाही. आम्ही चौदा बहिणी एका पिशवीत राहायचो. कोणी लांब मारणारी, कोणी वाळूतून चेंडू उपसणारी, तर कोणी नुसतीच चेंडूला हळूच खड्ड्याकडे ढकलणारी. चौदाच का? कारण नियमानं खेळाडूच्या पिशवीत चौदापेक्षा जास्त काठ्या चालत नाहीत. एक जरी जास्त निघाली तरी त्याच्या खेळावर दंड बसतो. हा नियम जरा लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याचं सोनं त्याच नियमानं केलं.

आमचे पहिले मालक म्हणजे पार्ल्याचे एक वकीलसाहेब. दर शनिवारी ते उपनगरातल्या एका मोठ्या मैदानावर खेळायला येत आणि आमची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागून चालत असे दशरथ. दशरथ तिथला कॅडी होता. कॅडी म्हणजे खेळाडूच्या काठ्या वाहणारा माणूस, असं तुम्हाला कोणी सांगेल. ते अर्धंच खरं आहे. चिमूटभर गवत हवेत उडवून वारा ओळखायचा, पायाच्या अंगठ्यानं जमिनीचा उतार चाचपायचा, साहेबांचा फटका चुकला की झाडाकडे रागानं बघायचं आणि बरोबर लागला की साहेबांच्या आधी हसायचं, हे सगळं कॅडीचंच काम. दशरथचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली आणि अठराव्या वर्षी पोरानं ही पिशवी उचलली. तेव्हापासून तो चालायचा तो नेहमी दोन पावलं मागे. उभा राहायचा तो असा, की त्याची सावली कधी चेंडूवर पडत नसे.

वकीलसाहेबांना गप्पांची भारी हौस. दर हिवाळ्यात ते कुठल्या ना कुठल्या समुद्रकाठी सुट्टीला जात आणि परत आले की चालता चालता तिथल्या मैदानांची वर्णनं करत. कुठे म्हणे चेंडू मारला की समोर नुसतं निळं पाणी, कुठे नारळाच्या झावळ्यांतून फटका काढावा लागतो, कुठे एवढं लख्ख ऊन की चेंडू कुठे पडला ते टोपी आडवी धरून बघावं लागतं. दशरथ "होय साहेब, होय साहेब" म्हणत ऐकायचा. त्याला ती सगळी मैदानं पाठ झाली होती. कुठल्या होलला, म्हणजे खड्ड्यापर्यंतच्या कुठल्या टप्प्यात, पाणी डाव्या हाताला आहे हेसुद्धा तो सांगू शकला असता. पाहिलं मात्र त्यानं एकही नव्हतं.

एके दिवशी साहेबांनी नवा संच घेतला. माझ्या बहिणी कुठे कुठे गेल्या, मला माहीत नाही. मला साहेबांनी दशरथच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ही तुझी. खेळ आता."

खेळ म्हणणं सोपं होतं. कॅडींना मैदानावर खेळायची परवानगी नव्हती! पण कॅडींच्या पत्र्याच्या शेडमागे वडाखाली थोडी उघडी जमीन होती. तिथे दुपारच्या फावल्या वेळात सगळे कॅडी मिळून माझ्या एकटीवर आपली हौस भागवायचे. अडचण एकच. डोक्यावर वडाची आडवी फांदी आणि समोर भिंतीपलीकडे सोसायटीच्या काचेच्या खिडक्या. चेंडू उंच उडाला की वाट लागली. त्यामुळे ही मंडळी एक अजब फटका शिकली. चेंडू मागच्या पायाजवळ ठेवायचा, हात पुढे ठेवायचे आणि असा ठोकायचा की तो फांदीखालून सरळ, गुडघ्याएवढ्या उंचीनं, पळतच सुटला पाहिजे. साहेब लोक हा फटका बघते तर हसले असते. चेंडू डौलात आभाळात चढावा, ही त्यांची रीत. पण फांदीखालच्या त्या फटक्यात दशरथचा हात धरणारा कोणी नव्हता. मला तर तो फटका मारताना वाटायचं, आपला जन्म याचसाठी झाला.

पुढे शेड पाडली, वड गेला, जमिनीवर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि मी दशरथच्या वाकोल्याच्या खोलीतल्या माळ्यावर जाऊन पडले. दशरथची बायको विमला तोंडानं तिखट आणि मनानं गोड. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "माणसांक बसाक जागा नाय आणि ह्या लोखंड घरात कित्याक ठेवलास?"

दशरथ म्हणाला, "आसांदे गो. कधीतरी कामाक येतली."

कामाला आले खरी! मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण लपवून काय उपयोग? वाळत घातलेली चादर माझ्यानं खाली ओढली गेली. पत्र्यावर अडकलेले पतंग काढले गेले. उंदराच्या मागे मला घेऊन साऱ्या चाळीनं धिंगाणा घातला. आणि चाळीमागचं गटार तुंबलं की विमला मलाच त्यात घालून ढवळत असे. ज्या डोक्यानं हिरवळीवरचे चेंडू उडवले, ते डोकं गटारात! त्या वेळी मी रडले असते, पण लोखंडाला रडणं म्हणजे गंजणं. म्हणून मन घट्ट करून राहिले. दशरथ मात्र दर रविवारी मला खोबरेल लावून पुसायचा. तेवढ्यावर मी तग धरला.

मागच्या डिसेंबरात दशरथनं काम सोडलं. चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि खांदा एका बाजूला कायमचा उतरला होता. त्या रविवारी तो मला पुसत बसलेला असताना त्याची मुलगी अक्षता शेजारी येऊन बसली. ही अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी करते. बोलायला फटकळ, पण बापावर तिचा भारी जीव.

"बाबा, हे बघा," तिनं फोन पुढे केला. "सुट्टीत समुद्राकाठी गोल्फ खेळायला कुठली कुठली मैदानं आहेत, त्याची अख्खी यादीच आहे."

दशरथनं चष्मा लावला आणि एकेक चित्र बघत सुटला. "ह्या माका म्हायत आसा. हयसर वकीलसायबांचे तीन चेंडू पाण्यात गेलेले. आणि ह्या बघ, हयसर वारो फसवता."

"तुम्ही कधी गेलात तिकडे?"

"मी खंय जातलंय? आयकलंय."

अक्षतानं ती यादी वरखाली सरकवली. मग म्हणाली, "लांबचं नाही जमणार. पण खाडीपलीकडे एक छोटं आहे, नऊ होलचं. समोर समुद्र. बोरिवलीहून लाँचनं जायचं. शनिवारी राहू, रविवारी सकाळी तुम्ही खेळायचं, दुपारी परत. आईला पण घेऊ."

"थंय मी काय करतलंय?"

"खेळणार! अजून काय? आयुष्यभर दुसऱ्यांच्या काठ्या उचलल्यात ना? एकदा स्वतःची घेऊन फिरा की जरा."

दशरथनं मला उचललं, परत ठेवलं, परत उचललं. तेव्हा मला कळलं, या माणसाला आयुष्यात दुसरं काही मागायचं राहिलेलं नाही. समुद्र समोर ठेवून, स्वतःच्या काठीनं, एकदा खेळाडू म्हणून चालायचं, एवढंच राहिलं होतं.

जानेवारीतला तो रविवार. ऊन असं स्वच्छ, की पलीकडच्या होड्यांवरची निशाणंसुद्धा मोजता यावीत. दशरथनं विमलाला आणि अक्षताला आधीच नवव्या होलशेजारच्या नारळाखाली बसवलं होतं. "फटक्याच्या येळाक गप ऱ्हवाचा असता, ता तुझ्यान जमाचा नाय," असं त्यानं विमलाला सांगितलं आणि मला काखोटीला मारून तो एकटाच नाव लिहायला गेला.

काउंटरवर वनमाला नावाच्या बाई होत्या. त्यांच्या एका कानाला फोन होता. त्यांनी मान वर न करताच रजिस्टर पुढे सरकवलं. "नाव लिहा काका."

रजिस्टरात दोन रकाने होते. डावीकडे खेळाडू, उजवीकडे कॅडी. डावीकडे शेवटचं नाव होतं डॉक्टर देवव्रत, मुलुंड. त्याच्यासमोर उजवा रकाना रिकामा होता. दशरथनं पेन घेतलं, आणि मित्रांनो, त्याच्या हातानं दगा दिला. चव्वेचाळीस वर्षं जो हात रोज सकाळी ज्या रकान्यात जायचा, तो त्याच रकान्यात गेला. डॉक्टरसाहेबांच्या समोर, कॅडी म्हणून, दशरथनं स्वतःचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं!

वनमालाबाईंनी ते वाचलं आणि बाहेर बोट दाखवलं. "ती निळी पिशवी. डॉक्टर वाट बघतायत."

आता तरी हा बोलेल, असं मला वाटलं. पण पिशवी दिसली, की वाकायचं, पट्टा खांद्यावर घ्यायचा, हे त्याच्या अंगातच भिनलेलं होतं. त्यानं मला त्या पिशवीत खोचलं, पिशवी उचलली आणि देवव्रतच्या मागे दोन पावलं ठेवून चालू लागला. पंचवीस-तीस पावलं गेल्यावर त्याचा पाय अडखळला. आपण काय करून बसलो, ते तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पण समोर तिघं खेळाडू हसतखेळत निघाले होते. त्यांना थांबवून "साहेब, मीसुद्धा खेळाडू आहे" असं म्हणायला जी जीभ लागते, ती त्याच्याकडे नव्हती. तो चालत राहिला.

माझी अवस्था काय सांगू? आजूबाजूला चौदा नव्या कोऱ्या काठ्या, डोक्यांवर लोकरीच्या टोप्या घातलेल्या, आणि मध्ये मी सायकलच्या रबराची. पण मला त्यांचं काही नव्हतं. मला राग येत होता तो दशरथचा. पहिला होल गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला समुद्र दिसला. वकीलसाहेबांनी वर्णन केलं होतं अगदी तसा, नुसता निळा. दशरथनं तो डोळे भरून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, सहा नंबरची काठी घ्या." चौथा गेला. पाचवा गेला. दुपारची लाँच ठरलेली होती. एकेक होल संपत होता आणि माझ्या माणसाचं एकुलतं एक मागणं असं दुसऱ्याच्या पिशवीत गपचूप संपत चाललं होतं.

सहाव्या होलच्या मध्यावर देवव्रतनं मागे न बघता पिशवीत हात घातला. "सात नंबर," असं म्हणून त्यानं जी ओढून काढली, ती मी होते.

"हे काय?" तो माझ्या मुठीकडे बघत राहिला. "ही कोणाची?"

दशरथनं पिशवी खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला. पण तो घाबरला ते स्वतःसाठी नव्हे. "साहेब, चूक माझी आहे. तुमच्या पिशवीत पंधरा काठ्या झाल्या. नियमानं दंड बसेल. पण ही तुमची नाही. तुमच्या नावावर लावू नका."

"अहो, आम्ही मजेत खेळतोय, दंड कसला? पण तुम्ही स्वतःची काठी कशाला आणलीत?"

दशरथ पिशवीचा पट्टा सरळ करत राहिला. देवव्रतनं पुन्हा विचारलं, "तुम्ही इथलेच कॅडी ना?"

तेव्हा कुठे दशरथची साहेबांशी बोलायची भाषा सुटली आणि घरची बाहेर आली. "नाय, साहेब. मी पाहुणो. आमच्या चेडवान, अक्षतान, बुकिंग केल्यान. मी... मी खेळूक इलंय."

तिघंही मित्र जागच्या जागी थांबले. देवव्रतनं रजिस्टरचं विचारलं, दशरथनं सांगितलं. ऐकता ऐकता त्या डॉक्टरचे कान लाल झाले. त्यानं पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मला दशरथच्या हातात दिलं. "काका, सहा होल मी तुमचे खाल्ले. आता तीन उरलेत. पुढे व्हा. तुमचा कॅडी मी."

पण पुढे होणं का सोपं असतं? सातव्या होलला दशरथनं अशी घाई केली, की मी चेंडूच्या टाळक्यावरच आपटले आणि चेंडू चार पावलांवर जाऊन बसला. चालतानाही तो सारखा देवव्रतच्या मागे पडायचा, आणि देवव्रत थांबून थांबून म्हणायचा, "काका, पुढे." आठव्याला जरा बरं झालं. चेंडू सरळ गेला, दशरथचे खांदे सैल झाले. आणि मग नववा आला.

नववा होल म्हणजे तिथला शेवटचा आणि सगळ्यांत खट्याळ. मध्ये खाडीच्या पाण्याचा पट्टा, पलीकडे समुद्राच्या अंगाला छोटीशी हिरवळ, तिच्यावर खड्ड्याच्या खुणेचा लाल झेंडा. बाजूला लाकडी फळा. जो एका फटक्यात पलीकडच्या हिरवळीवर चेंडू ठेवील त्याचं नाव त्या आठवड्याच्या फळ्यावर लिहायचं, अशी तिथली पद्धत. फळा कोरा होता. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आता पडला होता आणि समुद्राकडून खारा वारा सुटला होता, थेट तोंडावर. पलीकडे नारळाखाली विमला आणि अक्षता उठून उभ्या राहिल्या होत्या. दशरथला एवढा एकच होल त्यांच्यासमोर खेळायला मिळणार होता.

आधी देवव्रतच्या एका मित्रानं मारला. सुरेख, उंच. वाऱ्यानं तो वरच्या वर अडवला आणि पाण्यात टाकला. दुसऱ्याचंही तेच. देवव्रतनं मोठी काठी घेतली, चेंडू ढगाला टेकला असं वाटलं आणि तिथूनच डुबुक!

दशरथ पुढे आला. चिमूटभर गवत त्यानं उडवलं. ते त्याच्याच सदऱ्यावर येऊन पडलं. तेवढ्यात पलीकडून वाऱ्यावर बसून विमलाचा आवाज आला. तिनं गाऱ्हाणं घातलं होतं, गावच्या देवळात घालतात तसं, खड्या सुरात:

"बा देवा म्हाराजा! ह्या माणसान चव्वेचाळीस वर्सां लोकांच्यो काठ्यो उचलल्यान म्हाराजा! आज त्येच्या हातात त्येची स्वताची काठी आसा, तर त्येचो चेंडू सुखरूप अल्याड हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अक्षता ओरडली. आणि अलीकडून देवव्रत आणि त्याचे दोघं मित्रही, गोल्फचे सगळे शिष्टाचार गुंडाळून, ओरडले, "व्हय म्हाराजा!"

दशरथनं हसून हात वर केला. गप. सगळे गप झाले. विमलानं तर दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

त्यानं चेंडू मागच्या पायाजवळ घेतला. हात पुढे आणले. मी ओळखलं! अरे, हा तर आपला वड! ही तर आपली फांदी! माझ्या अंगातून जुनी कळ गेली. त्यानं मला मागे नेलं, थोडंसंच, आणि मग आम्ही दोघांनी मिळून असा ठोका दिला, की त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. चेंडू चढलाच नाही. पाण्यावरून वीतभर उंचीनं, वाऱ्याच्या खालून, सरळ पळत गेला. पलीकडच्या काठावर आपटला, एक उडी, दुसरी उडी, हिरवळीवर चढला आणि घरंगळत घरंगळत झेंड्यापासून चार हातांवर थांबला.

मग जो गिल्ला झाला, त्याला तोड नाही! अक्षता नाचत होती, देवव्रत टोपी उडवत होता, आणि विमला ओरडत होती, "मारल्यान! मारल्यान!"

पाण्यावरच्या लाकडी साकवावरून हिरवळीकडे जाताना दशरथ सगळ्यांच्या पुढे होता. या वेळी त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही. देवव्रत मागे होता, दोन पावलं, पिशवी खांद्यावर. हिरवळीवर त्यानं चेंडू ढकलायची खास काठी पुढे केली. दशरथ म्हणाला, "नको डॉक्टर, हीच बरी," आणि माझ्याच चपट्या डोक्यानं त्यानं चेंडू हळूच ढकलला. टक् असा खड्ड्यात आवाज झाला. तीन फटक्यांत संपवायचा होल आम्ही दोनात मारला, तेही एकाच काठीनं. बाजूच्या कोऱ्या फळ्यावर दशरथचं नाव लागलं.

काउंटरवर परत आल्यावर वनमालाबाईंनी सगळी हकीगत ऐकली आणि फोन बाजूला ठेवला. रजिस्टर उघडून त्यांनी कॅडीच्या रकान्यातलं दशरथचं नाव खोडलं आणि नवीन ओळीवर, डाव्या बाजूला, खेळाडू म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं. "यांच्यासमोर कॅडीचा रकाना रिकामाच ठेवू ना?" त्यांनी विचारलं.

"रिकामा कशाला?" असं म्हणून देवव्रतनं पेन घेतलं आणि दशरथच्या नावासमोर स्वतःचं नाव लिहिलं. दशरथनं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागला, आणि बराच वेळ पुसत राहिला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी माळ्यावर गेले नाही. मागच्या आठवड्यात चाळीमागचं गटार पुन्हा तुंबलं. विमला सवयीनं माझ्याकडे आली, तिनं मला खिळ्यावरून उतरवलं, जरा बघितलं, पदरानं पुसलं आणि परत टांगून ठेवलं. मग शेजाऱ्यांकडून बांबू मागून आणला.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वस्तू कोपऱ्यात पडली असेल, तिला तेलपाणी करा, एवढंच मी मागणार होते. पण आणखी एक मागते. कोणी तुमची पिशवी उचलून मुकाट्यानं मागून चालत असेल, तर एकदा थांबा आणि मागे वळून विचारा, "तुम्हाला खेळायचंय का?" तेवढं विचारायला देवव्रतला सहा होल लागले. तुम्ही पहिल्याच होलला विचारा.